गंजलेला जुना ट्रक : दुरुस्त करावा की सोडून द्यावा?

गंजलेल्या जुन्या ट्रकबाबत निर्णय घेताना नवखा माणूस बहुधा दोनच गोष्टी पाहतो : बाहेरचा पत्रा किती खाल्ला गेला आहे आणि इंजिन सुरू होते की नाही. या दोन्हींवरून ट्रकचे भवितव्य ठरत नाही. पत्रा बदलता येतो, केबिन पूर्ण उतरवून दुसरी बसवता येते, इंजिनही दुसरे मिळू शकते. पण ज्या दोन लांब पोलादी तुळयांवर हे सगळे उभे असते ती चॅसिस आतून पोखरली गेली असेल, तर वर केलेल्या कोणत्याही खर्चाला आधार उरत नाही. म्हणून या लेखातील तपासणीचा क्रम जाणीवपूर्वक खालून वर असा ठेवला आहे. चॅसिसचा निकाल लागेपर्यंत ट्रकवर काहीही खर्च करू नये, ही माझी पहिली आणि सर्वांत आग्रहाची सूचना आहे. नवे टायर आणि नवी बॅटरी घेऊन झाल्यावर चॅसिस तपासायला बसणारा माणूस तटस्थ राहू शकत नाही. झालेला खर्च त्याला पुढच्या खर्चाकडे ओढत नेतो.

येथे ट्रक म्हणजे स्वतंत्र चॅसिसवर केबिन आणि हौदा बसवलेले कोणतेही वाहन, मग तो लहान पिकअप असो वा अवजड मालवाहू गाडी. तपासणीचे तत्त्व दोन्हींना सारखेच लागू पडते; जिथे फरक पडतो तिथे तो स्वतंत्रपणे सांगितला आहे.

गंजाच्या तीन अवस्था

लोखंड, पाणी आणि प्राणवायू एकत्र आले की गंज सुरू होतो, आणि त्या पाण्यात मीठ विरघळलेले असेल तर त्याचा वेग फार वाढतो. त्यामुळे समुद्रकाठी वापरलेला, बर्फ वितळवण्यासाठी मीठ टाकलेल्या रस्त्यांवर चाललेला किंवा खते आणि मीठ यांची वाहतूक केलेला ट्रक वयाच्या मानाने कितीतरी अधिक गंजलेला निघतो. ट्रकचा पूर्वेतिहास विचारताना त्याने किती अंतर कापले यापेक्षा तो कुठे वावरला आणि त्याने काय वाहिले, हे आधी विचारावे.

पहिली अवस्था म्हणजे पृष्ठभागावरचा तांबूस थर. तारेच्या ब्रशने घासला की तो निघतो आणि खाली सपाट, घट्ट धातू दिसतो. हा थर दिसायला भीतिदायक असला तरी त्याने ताकद जवळजवळ कमी झालेली नसते. दुसऱ्या अवस्थेत पापुद्रे सुटू लागतात आणि पापुद्रा काढल्यावर खाली खड्डे दिसतात. इथे धातूची जाडी प्रत्यक्ष घटलेली असते आणि किती घटली हे मोजावे लागते. तिसऱ्या अवस्थेत धातू आरपार गेलेला असतो, किंवा टोच्याने दाबताच आत जातो. तिसऱ्या अवस्थेतला धातू कोणत्याही रसायनाने, रंगाने किंवा लेपाने परत येत नाही. गंज-रूपांतरक म्हणून मिळणाऱ्या द्रावणांत बहुधा फॉस्फरिक आम्ल किंवा टॅनिक आम्ल असते. ती उरलेल्या गंजाचे स्थिर संयुगात रूपांतर करून त्यावर रंग धरू देतात, पण गेलेली जाडी भरून काढत नाहीत. पहिल्या अवस्थेसाठी ती उपयुक्त आहेत, दुसरीत मर्यादित कामाची आणि तिसरीत निरुपयोगी.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. गंज मूळ लोखंडाच्या दुपटीहून अधिक जागा व्यापतो. त्यामुळे दोन पट्ट्या एकमेकींवर रिव्हेटने जोडलेल्या असतील आणि मधल्या फटीत पाणी शिरले असेल, तर आतला गंज फुगून त्या पट्ट्यांना एकमेकींपासून दूर ढकलतो. रिव्हेटांच्या मधल्या भागात पट्टी फुगीर दिसली की आत बराच धातू संपला आहे असे समजावे. बाहेरून रंग शाबूत असतानाही असे घडू शकते.

तपासणीची पूर्वतयारी

चिखल आणि ग्रीसचा थर असताना केलेली तपासणी विश्वासार्ह नसते. ट्रक खालून पाण्याच्या दाबाने धुवावा, एक-दोन दिवस वाळू द्यावा आणि मगच पाहावा. लागणारे साहित्य साधे आहे : चांगला टॉर्च, तारेचा ब्रश, लहान हातोडी, टोच्या किंवा जुना स्क्रू ड्रायव्हर, लोहचुंबक, मोजपट्टी, ओळंबा, खडू आणि डोळ्यांवर घालण्यासाठी बंद चष्मा. खालून ठोकताना गंजाचे कण थेट डोळ्यांत पडतात, म्हणून चष्म्याशिवाय सुरुवात करू नये. जुन्या रंगात शिसे असू शकते. असा रंग कोरडा घासताना धूळ श्वासात जाणार नाही असा मुखवटा वापरावा.

गंजलेल्या ट्रकखाली जाणे हे साध्या ट्रकखाली जाण्यापेक्षा धोक्याचे असते, कारण ज्या ठिकाणी जॅक लावायचा तेच ठिकाण कुजलेले असू शकते. जागा सपाट आणि टणक असावी, चाकांच्या पुढे-मागे ठोकळे लावावेत आणि केवळ जॅकच्या भरवशावर कधीही खाली शिरू नये. भार स्टँडवर घ्यावा, आणि ते स्टँड शक्यतो संशयास्पद चॅसिसऐवजी ॲक्सलखाली, म्हणजे दोन चाकांना जोडणाऱ्या आडव्या दांड्याखाली, लावावेत. केबिन पुढे कलती होणारी असेल तर तिला आधार देणारा दांडा आणि त्याची खीळ आधी तपासावी; तीही गंजलेली असते. खड्डा किंवा उंच रॅम्प असलेले गॅरेज मिळत असेल तर पहिली तपासणी तिथेच करावी, असे मी सुचवेन.

चॅसिस

चॅसिसच्या लांब तुळया दोन प्रकारच्या असतात. अवजड ट्रकांत त्या बहुधा उघड्या, इंग्रजी सी अक्षराच्या आकाराच्या असतात. त्यांच्या आतल्या आणि बाहेरच्या दोन्ही बाजू डोळ्यांनी दिसतात. बऱ्याच पिकअपमध्ये मात्र तुळई चारही बाजूंनी बंद असते. बंद तुळईत चिखल आणि पाणी शिरते, निचऱ्याची भोके बुजतात आणि गंज आतून बाहेर येतो. त्यामुळे बंद चॅसिस बाहेरून स्वच्छ दिसत असली तरी तिच्यावर विश्वास टाकू नये. भोकांतून तार घालून आतला गाळ उकरून पाहावा. मातीसोबत गंजाचे मोठे तुकडे पडू लागले तर आतली भिंत संपत आली आहे. मोबाइलला जोडता येणारा नळीचा कॅमेरा मिळाल्यास आतले दृश्य थेट पाहता येते, आणि बंद चॅसिसच्या बाबतीत हे उपकरण अत्यंत मोलाचे ठरते.

आता हातोडी घ्यावी आणि तुळईच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत वीतभर अंतराने हलकेच ठोकत जावे. शाबूत पोलाद खणखणीत आवाज देते आणि हातोडी उसळून परत येते. कुजलेल्या भागावर आवाज बद्द येतो आणि हातोडी रुतल्यासारखी वाटते. कानाला हा फरक थोड्याच वेळात कळू लागतो. जिथे आवाज बदलला तिथे खडूने खूण करावी, ब्रशने पापुद्रे काढावेत आणि टोच्याने जोर लावून पाहावे. ट्रक दुसऱ्याचा असेल तर टोचण्याआधी मालकाची परवानगी घ्यावी. पण मालक टोचू देत नसेल तर तो ट्रक घेण्याचा विचार सोडून द्यावा.

संपूर्ण तुळई तपासायची असली तरी काही जागी दुप्पट वेळ द्यावा. पहिली जागा म्हणजे मागच्या पाट्यांचे (एकावर एक रचलेल्या पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंगांचे) हँगर आणि शॅकल, म्हणजे पाट्यांची टोके धरणारे आधार आणि कड्या, जिथे चॅसिसला जोडलेले असतात तो भाग. तिथे चाकांनी उडवलेला चिखल साठतो आणि मालाचा भारही तिथूनच उतरतो, म्हणजे सर्वाधिक गंज आणि सर्वाधिक ताण एकाच ठिकाणी येतात. दुसरी जागा स्टिअरिंग बॉक्स बसवलेली. तिसरी म्हणजे मागच्या ॲक्सलवरून तुळई जिथे वर वळते तो बाक. त्याखेरीज क्रॉस मेंबरचे, म्हणजे दोन तुळयांना जोडणाऱ्या आडव्या पट्ट्यांचे, सांधे, इंजिनाचे आणि केबिनचे आधार, आणि हौद्याखाली लाकूड किंवा रबर ठेवलेल्या जागा, कारण तिथे ओल धरून राहते. लहान पिकअपमध्ये पुढच्या सस्पेन्शनचे आर्म जिथे चॅसिसला जोडलेले असतात ती जागाही याच यादीत येते.

तुळईच्या उभ्या भिंतीपेक्षा तिच्या वरच्या आणि खालच्या आडव्या कडा अधिक महत्त्वाच्या असतात. भार पडल्यावर तुळई वाकू पाहते तेव्हा मुख्य ताण याच कडांवर येतो. त्यामुळे उभ्या भिंतीच्या मध्यभागी असलेले छोटे भोक आणि खालच्या कडेला पडलेली छोटी चीर यांना सारखे मानू नये. चीर कितीतरी गंभीर असते. गंजाच्या खड्ड्यातून किंवा बोल्टाच्या भोकापासून सुरू झालेली केसासारखी चीर सहज दिसत नाही, पण तिच्या रेषेतून बाहेर आलेला तांबूस डाग बहुधा तिचा ठावठिकाणा सांगतो.

जाडी मोजण्याचा उत्तम मार्ग म्हणजे ध्वनिलहरींवर चालणारे जाडीमापक. काही वर्कशॉपमध्ये ते असते. उघड्या तुळईची कड व्हर्नियर कॅलिपरनेही मोजता येते. शाबूत भागातली जाडी आणि गंजलेल्या भागातली जाडी यांची तुलना करावी. पिकअपच्या तुळईची जाडी साधारण ३ ते ४ मिलिमीटर असते, तर अवजड ट्रकची ६ मिलिमीटर किंवा त्याहून अधिक. म्हणून १ मिलिमीटर धातू जाणे ही पिकअपसाठी फार मोठी हानी आहे. मूळ जाडीच्या पाव भागाहून अधिक धातू गेला असेल तर, माझ्या मते, नुसत्या साफसफाईवर आणि रंगावर भागवू नये. त्या जागेचा निर्णय चॅसिसचे काम जाणणाऱ्या अनुभवी माणसावर सोपवावा.

शेवटी चॅसिस सरळ आहे का ते पाहावे. केबिन आणि हौदा यांच्यातली फट वर आणि खाली सारखी असायला हवी. ती वर अरुंद आणि खाली रुंद झाली असेल तर चॅसिस मध्यभागी खचलेली असण्याची शक्यता असते. डाव्या आणि उजव्या तुळईवरच्या एकसारख्या बिंदूंवरून ओळंबा सोडून जमिनीवर खुणा कराव्यात आणि त्या चौकटीचे दोन्ही कर्ण मोजावेत. कर्णांत ठळक फरक आढळला तर चॅसिस तिरकी झालेली आहे. गंज आणि वाकडेपणा दोन्ही एकत्र आढळले तर, ट्रक कितीही आवडता असला तरी, पुढची तपासणी करण्यात बहुधा अर्थ उरत नाही.

ताजा काळा लेप दिसला तर सावध व्हावे. विक्रीला काढलेल्या ट्रकच्या खालच्या बाजूला डांबरासारखा जाड थर नुकताच मारलेला असेल, तर त्याखाली काय आहे ते खरवडून पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नये. गंजावर मारलेला असा लेप ओल आत कोंडून ठेवतो आणि गंज थांबवण्याऐवजी वाढवतो.

ब्रेक, इंधन आणि स्टिअरिंग

चॅसिस पास झाली की जिवाशी थेट संबंध असलेल्या भागांकडे वळावे. हे भाग बदलता येतात, म्हणून त्यांच्यामुळे ट्रक सहसा भंगारात जात नाही. पण त्यांचा खर्च हिशेबात पूर्णपणे धरावा लागतो.

हायड्रॉलिक ब्रेकच्या पोलादी नळ्या क्लिपांखाली सर्वांत आधी गंजतात. क्लिप सोडवून नळी पाहावी. नळीवर फोड किंवा खड्डे दिसत असतील तर तेवढाच तुकडा न बदलता सर्व नळ्या बदलण्याचे धरावे, कारण बाकीच्या नळ्यांचे वय तेच असते. नव्या नळ्यांसाठी तांबे-निकेल मिश्रधातू चांगला, कारण तो गंजत नाही आणि हाताने वळवता येतो. निव्वळ तांब्याची नळी मात्र वापरू नये. कंपनांनी ती कडक होऊन तडकते. नेहमीचे ब्रेक ऑइल हवेतील ओलावा शोषून घेते, त्यामुळे दीर्घकाळ उभ्या राहिलेल्या ट्रकमध्ये मास्टर सिलिंडर (ब्रेक पेडलने दाब निर्माण करणारे) आणि चाकांचे सिलिंडर आतूनही गंजलेले असू शकतात.

एअर ब्रेक असलेल्या ट्रकमध्ये हवेच्या टाक्या साठलेल्या पाण्याने आतून गंजतात. निचऱ्याची तोटी उघडल्यावर तांबूस पाणी आले तर टाकी तपासून घ्यावी. हँडब्रेकच्या स्प्रिंग चेंबरबाबत विशेष सावधगिरी हवी : त्याच्या आत अत्यंत ताकदीची दाबलेली स्प्रिंग असते, आणि गंजलेले चेंबर फोडण्याचा किंवा उघडण्याचा प्रयत्न जीवघेणा ठरू शकतो. ते काम प्रशिक्षित माणसानेच करावे.

इंधनाची टाकी तिच्या पट्ट्यांखाली गंजते, आणि आतला गंज इंधनासोबत फिल्टरपर्यंत जातो. स्टिअरिंगचे सांधे, पाट्यांचे यू-बोल्ट आणि पाटे स्वतः हेही पाहावेत. दोन पाट्यांमध्ये गंज फुगलेला असेल तर वरच्या पाट्यावर ताण येऊन तो तुटतो.

केबिन आणि हौदा

या भागातला गंज नजरेत सर्वाधिक भरतो आणि निर्णयात सर्वांत कमी वजनाचा असतो, पण केबिनच्या काही जागा याला अपवाद आहेत. केबिन ज्या रबरी आधारांवर टेकलेली असते त्यांच्या वरचा पत्रा, दारांच्या खालचा पाया, खांबांचे बुंधे, आणि सीट व पट्टा जिथे बोल्टने आवळलेले असतात ती जमीन, या जागा अपघातात माणसाचे रक्षण करतात. पायाखालची चटई उचलून पाहावी. दार उघडे ठेवून ते हाताने वर उचलावे. बिजागरीचा खांब हलला तर तो कुजलेला आहे. पुढच्या काचेच्या रबराखाली गंज असेल तर पाणी आत उतरून जमीन कुजवत असते, म्हणून जमिनीला ठिगळ लावण्यापूर्वी गळती बंद करावी लागते.

पुट्टी शोधण्यासाठी लोहचुंबक फिरवावे. तो जिथे पकडत नाही तिथे पत्र्याऐवजी पुट्टी किंवा फायबर आहे. बाहेरचा पत्रा साधारण ०.७ ते १ मिलिमीटर जाडीचा असल्याने तो लवकर आरपार जातो, पण कापून नवा पत्रा बसवणे हे डेंटिंग करणाऱ्या कारागिराचे नित्याचे काम आहे. केबिन फारच खराब असेल तर चांगल्या अवस्थेतली दुसरी केबिन शोधणे अनेकदा सोपे पडते. हौद्याबद्दल फार बोलण्यासारखे नाही. तो नव्याने बांधता येतो.

इंजिन आणि गिअरबॉक्स

बरीच वर्षे बंद पडलेले इंजिन थेट स्टार्टर मारून फिरवू नये. आधी ऑइलची पट्टी ओढून पाहावी. ऑइल दुधाळ दिसले तर त्यात पाणी मिसळले आहे. मग प्लग किंवा इंजेक्टर काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडे पातळ तेल सोडावे, ते काही काळ मुरू द्यावे आणि क्रँकच्या बोल्टला लांब पाना लावून इंजिन हाताने फिरते का ते पाहावे. फिरले तर कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये निर्माण होणारा दाब, तपासून घ्यावे. अडकलेले इंजिन हे ट्रक सोडून देण्याचे पुरेसे कारण नाही, आणि सुरळीत चालणारे इंजिन हे कुजलेली चॅसिस ठेवण्याचे कारण नाही. विक्रेता इंजिनाचा आवाज ऐकवण्यात फार वेळ घालवत असेल तर तुम्ही खाली वाकून पाहावे.

दुरुस्तीचा आवाका ठरवणे

तपासणीत आढळलेल्या प्रत्येक दोषाची नोंद तीन रकान्यांत करावी : ट्रकच्या सांगाड्याशी संबंधित, सुरक्षिततेशी संबंधित आणि दिसण्याशी संबंधित. पहिले दोन रकाने पूर्ण झाल्याशिवाय ट्रक रस्त्यावर आणता येत नाही, त्यामुळे त्यांत काटकसर करण्याचा पर्याय नसतो. तिसरा रकाना वर्षानुवर्षे थांबू शकतो. बहुतेक नवख्या माणसांचा पैसा तिसऱ्या रकान्यात आधी जातो, हे पाहून मला नेहमी वाईट वाटते, कारण चकाचक रंग दिलेला आणि ब्रेकच्या नळ्या कुजलेला ट्रक हा गंजक्या ट्रकपेक्षा धोकादायक असतो : त्यावर लोक विश्वास टाकतात.

गंजलेल्या वाहनाच्या दुरुस्तीत सुट्या भागांपेक्षा मजुरी जास्त लागते. एक बोल्ट काढण्यासाठी तेल मुरवणे, गॅसने तापवणे, तो तुटला तर भोक पाडून उरलेला भाग काढणे आणि पुन्हा आटे पाडणे, एवढे सगळे करावे लागते. साध्या ट्रकवर थोडक्या वेळात होणारे काम इथे पूर्ण दिवस खाते. म्हणून कामाचा अंदाज काढताना वेळ उदारपणे धरावा. पापुद्रे काढल्यावर नुकसान अपेक्षेपेक्षा मोठे निघते, क्वचितच लहान. अंदाजात त्यासाठी वेगळी तरतूद ठेवावी. शक्य असल्यास एकमेकांशी संबंध नसलेल्या दोन कारागिरांकडून लेखी अंदाज घ्यावेत, आणि ट्रक न पाहता दिलेला अंदाज ग्राह्य धरू नये.

चॅसिसच्या वेल्डिंगबाबत थोडे विस्ताराने सांगणे आवश्यक आहे, कारण सर्वाधिक घातक चुका इथेच होतात. अनेक अवजड ट्रकांच्या तुळया उष्णता-प्रक्रिया केलेल्या उच्च ताकदीच्या पोलादाच्या असतात, आणि वेल्डिंगच्या उष्णतेने त्या जागेची ताकद घटते. त्यामुळे अशा तुळयांवर वेल्डिंग चालते का आणि कोणत्या पद्धतीने, हे उत्पादकाच्या सूचनांवरूनच ठरवावे. जिथे वेल्डिंग चालते तिथेही भोकावर चौकोनी ठिगळ चिकटवणे ही दुरुस्ती नव्हे. ठिगळाची उभी कड तुळईला आडवी छेदते आणि तिच्या लगतच नवी चीर सुरू होते. योग्य पद्धतीत कुजलेला भाग चांगल्या धातूपर्यंत कापून काढतात, त्याच जाडीचे आणि प्रतीचे पोलाद बसवतात आणि आधाराची पट्टी लावायची असल्यास तिची टोके तिरकी, निमुळती ठेवतात, म्हणजे ताण एका रेषेत एकवटत नाही. आडव्या कडांना भोके पाडणे टाळतात. कारागिराला ही पद्धत समजावून सांगायला लावावी. जो सांगू शकत नाही त्याच्या हाती चॅसिस देऊ नये.

वेल्डिंगपूर्वी बॅटरीच्या तारा आणि इलेक्ट्रॉनिक नियंत्रण पेटीची जोडणी काढावी, इंधनाची टाकी व नळ्या दूर कराव्यात आणि अर्थिंगचा चिमटा वेल्डच्या अगदी जवळ लावावा, अन्यथा विद्युतप्रवाह बेअरिंगमधून जाऊन त्यांना खराब करतो. जस्ताचा मुलामा असलेल्या धातूचा धूर श्वासात गेल्यास ताप येतो. क्लोरीनयुक्त ब्रेक क्लीनरने पुसलेल्या भागावर वेल्डिंग केल्यास फॉस्जीन हा विषारी वायू तयार होऊ शकतो. असा क्लीनर वेल्डिंगच्या कामाजवळ ठेवूही नये.

निर्णय

आता तीन आकडे समोर ठेवावेत : पहिल्या दोन रकान्यांचा एकूण खर्च तरतुदीसह, त्याच प्रकारच्या शाबूत आणि चालू ट्रकची किंमत, आणि आजच्या अवस्थेत हा ट्रक विकल्यास किंवा भंगारात दिल्यास मिळणारी रक्कम. ट्रक ठेवण्याची खरी किंमत म्हणजे दुरुस्तीचा खर्च अधिक ही सोडून दिलेली रक्कम. ही बेरीज शाबूत ट्रकच्या किमतीच्या जवळ पोचत असेल तर निव्वळ व्यवहाराच्या दृष्टीने ट्रक सोडावा, कारण दुरुस्त केलेल्या गंजक्या ट्रकमध्ये पुढेही गंज निघत राहतो. आजवर त्यावर झालेला खर्च या हिशेबात कुठेही धरू नये. तो निर्णय काहीही घेतला तरी परत येत नाही.

ट्रकचा पुढचा वापर हा दुसरा निकष. रोज भार वाहून उपजीविका करायची असेल तर चॅसिसच्या मुख्य जागी तिसऱ्या अवस्थेतला गंज असलेला ट्रक नाकारावा. कधीमधी हलके सामान नेण्यासाठी लागणाऱ्या ट्रकबाबत, सांगाडा शाबूत असेल, तर पत्र्यावरचा गंज खुशाल चालवून घ्यावा. दुर्मीळ मॉडेल जतन करायचे असेल तर चॅसिस बदलण्यापर्यंतचे काम समर्थनीय ठरते, मात्र सुटे भाग मिळतात का हे आधी पाहावे. चॅसिसवर वाहनाचा ओळख क्रमांक कोरलेला असतो, त्यामुळे चॅसिस बदलण्यापूर्वी किंवा गंजाने तो क्रमांक पुसला गेला असल्यास नोंदणी करणाऱ्या अधिकाऱ्यांशी आधी बोलावे. नंतर बोलल्यास काम पूर्ण होऊनही ट्रक रस्त्यावर येत नाही.

उरतो तो जिव्हाळा. वडिलांनी चालवलेला किंवा घर उभे करणारा ट्रक ठेवावासा वाटणे हे माझ्या दृष्टीने पूर्णपणे वैध कारण आहे, आणि त्यासाठी व्यवहारापेक्षा जास्त खर्च करणाऱ्याला कोणी हिणवू नये. एवढेच की तो जादा खर्च वेगळा लिहावा, त्याची मर्यादा आधी ठरवावी आणि त्या ओढीने सांगाड्याच्या दोषाकडे डोळेझाक करू नये. रस्त्यावर न आणता तो ट्रक घरी जपून ठेवणे हाही एक मार्ग आहे.

दुरुस्ती ठरल्यास कामाचा क्रम

क्रम बहुतांशी तपासणीचाच ठेवावा, फक्त केबिन इंजिनानंतर घ्यावी : चॅसिस, मग ब्रेक, इंधन आणि स्टिअरिंग, मग इंजिन आणि सर्वांत शेवटी केबिन व रंग. शक्य असेल तर हौदा उतरवूनच चॅसिसचे काम करावे. गंज यांत्रिक पद्धतीने, म्हणजे ब्रश, ग्राइंडर किंवा वाळूचा मारा करून चकचकीत धातूपर्यंत काढावा, त्याच दिवशी इपॉक्सी प्रायमर द्यावा आणि त्यावर रंग चढवावा. बंद तुळयांच्या आत, निचऱ्याची भोके मोकळी करून, पोकळीत फवारण्याचे मेण सोडावे. पाणी जिथून येत होते ती वाट बंद केल्याशिवाय यातले काहीच टिकत नाही. त्यानंतर वर्षातून एकदा खालून धुऊन पुन्हा हातोडी फिरवावी.

सोडून द्यायचे ठरल्यास

सोडण्याचेही अनेक मार्ग आहेत. पूर्ण ट्रक भंगारात देणे सर्वांत सोपे, पण त्यात उत्पन्न सहसा सर्वांत कमी. इंजिन, गिअरबॉक्स, डिफरन्शिअल, चाके, काचा आणि शाबूत दारे वेगळी विकल्यास अधिक मिळते, मात्र त्यासाठी जागा आणि काही महिन्यांचा धीर लागतो. अर्धवट सुटा केलेला ट्रक आवारात पडून राहिला तर त्याचा जाच होतो. तिसरा मार्ग म्हणजे तोच मॉडेल दुरुस्त करणाऱ्या माणसाला सुट्या भागांचा साठा म्हणून देणे. यातून एक ट्रक संपून दुसरा जगतो, आणि मला हा मार्ग सर्वांत आवडतो. विकताना चॅसिसचा दोष लेखी सांगावा. तो लपवून विकलेला ट्रक दुसऱ्या कुणाच्या तरी अंगावर उलटतो.

भंगारात देण्यापूर्वी इंजिन ऑइल, ब्रेक ऑइल, कूलंट आणि उरलेले इंधन वेगवेगळ्या बंद डब्यांत काढावे आणि ते स्वीकारणाऱ्या केंद्राकडे सोपवावे. कूलंटमधील इथिलीन ग्लायकॉल विषारी आणि चवीला गोड असते, त्यामुळे जनावरे व मुले ते पिण्याचा धोका असतो. ते कधीही उघड्यावर ठेवू नये. बॅटरीत शिसे आणि आम्ल असते, ती स्वतंत्र द्यावी. एअर कंडिशनरमधला वायू तंत्रज्ञाकडून काढून घ्यावा, आणि न फुटलेल्या एअरबॅग असतील तर भंगारवाल्याला तसे स्पष्ट सांगावे.

सरकारी नोंद न बदलता नंबर प्लेट आणि मूळ कागदपत्रे ट्रकसोबत जाऊ देऊ नयेत. विक्री असेल तर नाव बदलल्याची आणि भंगार असेल तर नोंदणी रद्द झाल्याची लेखी पोच मिळवावी, चॅसिस क्रमांकाचा भाग नष्ट केल्याचा दाखला मिळत असेल तर तोही घ्यावा, आणि त्यानंतरच विमा बंद करावा.